स्लो कुकरातली ऋषीची भाजी

खोकं उघडायच्या आधी शेवंतीने ते चारही बाजूंनी बघून घेतलं. इंग्रजी तिला अक्षर लावून वाचता यायचं, अर्थ लागेलच असं नाही; पण खोक्यावर चित्र होतं. काळं, बसकं, लांबट गोल भांडं, वर काचेचं झाकण, पोटाला एक बटण. भांड्यातून हिरवागार पाला डोकावत होता आणि शेजारी एक गोरी बाई हात पुसत हसत उभी होती. बाईच्या मागे ओटा होता, खिडकी होती, खिडकीत कुंडी होती. शेगडी मात्र कुठेच नव्हती. शेवंतीने चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"आई, हा स्लो कुकर. तुमच्यासाठी मागवलाय," सुचित्रा म्हणाली. "सकाळी सगळं आत टाकायचं, बटण लावायचं आणि विसरून जायचं."

विसरून जायचं, असं सून म्हणाली आणि लगेच खोक्याची चिकटपट्टी फाडायला खाली वाकली. शेवंतीने तो शब्द उचलून पदराच्या गाठीला बांधून ठेवला.

त्याला कारण होतं. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, भर दुपारी बाराला, शेजारच्या अंबिकाने दाराची बेल दाबून धरली होती. "वयनी, गॅसचो वास येता." ओट्यावर भांडं नव्हतं, ज्योत नव्हती, आणि मधल्या बर्नरचं बटण मात्र उघडं. अंबिकानेच ते बंद केलं, उरलेल्या खिडक्या उघडल्या, आणि संध्याकाळी सुचित्रा ऑफिसातून आली तेव्हा लिफ्टच्या दारातच तिला सगळं सांगितलं. सकाळी सुचित्राने डब्याची भाजी त्याच बर्नरवर केली होती आणि साडेआठला ती निघाली होती. दहाला शेवंतीने चहा केला होता. गॅस कोणाकडून राहिला हे त्या दिवशी कोणीच मोठ्याने विचारलं नाही. "बटण ढिलं झालंय," एवढं शेवंती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला येऊन गेला. बटण ठणठणीत आहे, मावशी, असं त्याने सांगितलं. त्याला आधीच पढवलेलं असणार, असं शेवंतीचं मत पडलं.

तेव्हापासून घरात बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या होत्या. सकाळी निघताना सुचित्रा ओट्याखाली हात घालून पाइपाचा मुख्य खटका बंद करायची. लायटर खिळ्यावरून फडताळात गेला. अकरा वाजता फोन, दीड वाजता फोन. "आई, काय करताय?" हा प्रश्न काही वाईट नाही, पण तीन आठवड्यांत पन्नास वेळा विचारला की त्याचा वास बदलतो. मुलगा विनीत तर घरात शिरताच नाक वर करून दोनदा हुंगायचा आणि मग सर्दी झाल्यासारखं दाखवायचा.

आणि आता हे विनाज्योतीचं भांडं.

उलगडा त्याच रात्री जेवणं झाल्यावर झाला. शेवंती बडीशेपेची डबी घेऊन मुलाच्या खोलीशी गेली आणि दार लोटलेलं असल्यामुळे, म्हणजे ऐकायचं मुळीच मनात नसताना, तिथे थांबली.

"ऋषीपंचमीची भाजी एकदा त्यात नीट झाली ना, की आईंनाच पटेल," सुचित्रा सांगत होती. "मग दिवाळीच्या आधी गॅस काढूनच टाकू. इंडक्शन घेऊ."

"हं," विनीत म्हणाला. विनीत बहुतेक गोष्टींना हं म्हणायचा. बाप राजारामसुद्धा गिरणीतून येऊन तेवढंच म्हणायचा. पण राजारामच्या हं मध्ये निदान नकार असायचा.

शेवंती डबी घेऊन परत आली आणि अंधारात पलंगावर बसून तिने हिशेब जुळवला. आधी गॅस. मग दाराची किल्ली. मग "आई, थोडे दिवस गावाला लवूकाकांकडे जाऊन या ना, तिथे तुमच्या सोबतीला माणसं आहेत." चाळीत रॉकेलच्या स्टोव्हपासून सुरुवात करून या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर पाइपाच्या गॅसपर्यंत पोचायला तिला पंचेचाळीस वर्षं लागली होती. उतरायला तीन महिने पुरणार होते.

सगळं येऊन अडलं होतं ऋषीच्या भाजीपाशी. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. परसात हाताने लावलेला पाला, फळभाज्या, कंद एवढंच. अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, शिराळं, सुरण, कणसाचे तुकडे. तेल नाही, फोडणी नाही. ओली मिरची, खोबरं, मीठ, आणि अळूची खाज मारायला आंबाडे, ती आंबट फळं. मंद आचेवर झाकून तासन् तास. खरं बोलायचं तर जगातली एखादी भाजी त्या भांड्यासाठीच केलेली असेल तर ती हीच होती, आणि शेवंतीला नेमकी तीच गोष्ट खटकत होती. सुनेने फार विचार करून चाल खेळली होती.

भांडं नालायक आहे हे आधीच सिद्ध करावं म्हणून मंगळवारी, घर रिकामं झाल्यावर, तिने लाल माठाच्या दोन जुड्या आणल्या. माठ निवडला, देठ सोलले, चिरला. ढीग भांड्यात मावेना. तिने तो दोन्ही हातांनी दाबला, वर झाकण ठेवलं, तर झाकण माठाच्या डोक्यावर टोपीसारखं तरंगत राहिलं. शेवंतीला बरं वाटलं. तिने बटण फिरवलं. लाल दिवा लागला. आवाज काही नाही. शेगडीवरची भाजी बोलते. पाणी सुटलं की चुरचुरते, आटलं की कण्हते, लागायला आली की ओरडते. हे भांडं तोंड मिटून बसलं होतं, पोलीस चौकीत बसवल्यासारखं. पालेभाजी झाकली की काळी पडते हे तर कालच्या पोरीलाही ठाऊक. शेवंती समोर स्टूल घेऊन बसली आणि वाट पाहू लागली.

तासाभराने झाकण खाली बसलं होतं. अडीच तासांनी तिने लसूण ठेचून घातला, खोबरं घातलं, आणि चमचा तोंडात टाकला.

वाईट गोष्ट अशी की भाजी चांगली झाली होती. रंग जरा उतरला होता, पण देठ लोण्यासारखे, आणि माठाचा तो मातकट गोडवा, जो ज्योतीवर घाईत उडून जातो, तो जागच्या जागी होता. शेवंतीने अर्धी भाजी भाकरीशी तिथेच, ओट्याशी उभ्या उभ्या संपवली. उरलेली वाटी पुरावा म्हणून घरात ठेवण्यात अर्थ नव्हता. ती अंबिकाकडे गेली.

"वयनी, आज भाजी कशी काय इतकी मऊ झालीहा? काय घातलंस गो?"

"काय घालणार. गॅसवर केली, बारीक आचेवर," शेवंती म्हणाली. तोंडभर स्तुती ऐकून आपलाच अपमान होतोय असं तिला पहिल्यांदा वाटलं.

भांडं धुऊन, पुसून, वायर गुंडाळून तिने जागेवर ठेवलं. संध्याकाळी सुचित्रा आली, पाणी प्यायली.

"कुकर लावून बघितलात का आई?"

"कुठे वेळ मिळाला."

सुचित्राने भांड्याच्या पोटावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. क्षणभर ठेवला, काढला, आणि पर्स घेऊन आत गेली. म्हणजे ही पण तपास करते तर. त्यानंतर दोघी एकमेकींशी फारच गोड बोलायला लागल्या. इतक्या की श्रेयाने, म्हणजे नातीने, एकदा विचारलं, "आजी, तुमचं काही भांडण झालंय का?"

चतुर्थी आली. गावचा गणपती लवूकडे. श्रेयाच्या परीक्षेमुळे यंदा कोणी गावाला गेलं नव्हतं. खाली रस्ता बंद, गणपतीच्या दर्शनरांगेच्या कर्ण्यावर पाकीट सांभाळा, लहान मुलांचा हात सोडू नका, असं अखंड चाललेलं. चतुर्थीच्या संध्याकाळी शेवंती हाताला खोबरेल लावून अळूचे देठ सोलत बसली होती. समोर परातीत आंबाडे होते, हिरवे, टणक, सात. घरातली प्रथा सातचीच, सप्तर्षींना एकेक.

तिथे तिच्या मनात ते आलं. आंबाडे घातलेच नाहीत तर? अळू खाजवणार, घसे धरणार, भांड्याची छी थू होणार, गॅस वाचणार. काहीच करायचं नव्हतं, फक्त एक गोष्ट करायची नव्हती. ती बराच वेळ एक आंबाडा हातात घोळवत राहिली. मग तिला वाटलं, सुनेचं आणि माझं काय असेल ते असेल, ऋषींनी कोणाचं घोडं मारलंय. वर्षातून एकदा जेवायला यायचे आणि घसा धरून जायचे. तिने आंबाडा परातीत टाकला.

पण दुसरी एक भीती होती आणि ती जास्त वाईट होती. मुद्दाम नाही, पण चुकून राहिले तर?

म्हणून ऋषीपंचमीला सकाळी सहाला, आंघोळ करून, ओलेत्या केसांना पंचा बांधून ती भांड्यापाशी उभी राहिली तेव्हा तिने एकेक जिन्नस मोठ्याने बोलून टाकला. हात विसरले तर कानाची साक्ष असावी.

"सुरण घातला. कणसं घातली. भोपळा, पडवळ, शिराळं. माठ घातला. अळू घातलं, देठ घातले." मग बत्त्याने एकेक आंबाडा चेचून, "एक. दोन. तीन." सात म्हणून झाल्यावर तिने पुन्हा म्हटलं, "सात घातले."

"आई, कोणाशी बोलतेस?" मोरीतून विनीतचा आवाज आला.

"ऋषींशी."

मोरीतला नळ जरा वेळ बंद झाला, मग पुन्हा सुरू झाला. हे आता सुनेच्या कानावर जाणार, हे शेवंतीने गृहीत धरलं. तिने मिरची, मीठ, तांब्याभर पाणी घातलं, झाकण ठेवलं, बटण मोठ्यावर फिरवलं. लाल दिवा. शांतता.

त्या दिवशीच्या नैवेद्याला एक अट असते, आणि ती सगळ्या घराला पाठ होती. ऋषींना दाखवेपर्यंत भाजी चाखायची नाही. वर्षानुवर्षं शेवंती ती न चाखता करत आली होती. वासावर, आवाजावर, डावाला लागणाऱ्या जडपणावर. यंदा आवाज नव्हता, आणि वास काचेखाली कोंडलेला. मग करणार काय. दर पंधरा मिनिटांनी ती झाकण उचलायची, वाफ तोंडावर घ्यायची, डाव खुपसून बघायची, झाकण ठेवायची. पुन्हा जायची.

आठ वाजता ती बाहेरच्या खोलीत पाटाभोवती रांगोळी घालत होती. सुचित्रा पाण्याची बाटली भरायला आत गेली. बाटली भरायला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ गेला. काचेचा किणकिण आवाज झाला. सून बाहेर आली ती ओठ पुसत.

"येते आई. हाफ डे घेतलाय. एकपर्यंत पोचते, करी रोडपासून चालतच यावं लागेल."

"ये सावकाश," शेवंती म्हणाली. दार लागताच ती आत धावली. झाकणाची मूठ मघा उभी होती, आता आडवी. सुनेने काहीतरी टाकलंय. भाजी चांगली व्हावी म्हणून टाकलंय. ऋषीच्या भाजीत मसाला घालायलाही ही कमी करणार नाही. शेवंतीने झाकण उघडून खालपर्यंत ढवळलं, हुंगलं. काही सापडलं नाही, त्यामुळे संशय वाढला.

दहाला अंबिका फुलं घेऊन आली आणि पाणी प्यायला आत गेली. अकराला श्रेया उठली आणि फोन घेऊन आत गेली. मधेच विनीत, आज घरूनच काम होतं त्याचं, चहाचा कप ठेवायला आत गेला. कप ठेवायला माणूस इतका हळू चालत नाही. दर वेळी शेवंतीने पाटापाशी बसून कान दिला, आणि दर वेळी कोणी बाहेर आलं की ती आत जाऊन तपासून आली. एकदा ओट्यावर पाण्याचे थेंब होते. एकदा झाकणाखाली डाव अडकलेला. या घरात आज माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, असं तिला पक्कं वाटायला लागलं; भाजी शिजतेय की नाही इकडे मात्र लक्ष राहिलं नाही.

साडेबाराला तिने हाताने भांड्याचं पोट चाचपलं. कोमट वाटलं, पण लाल दिवा तर लागलेला होता. ओट्याखाली वाकून तिने गॅसच्या मुख्य खटक्यावर बोट ठेवलं. एक चक्कर फिरवली की निळी ज्योत, अर्ध्या तासात भाजी खळखळा. बोट तिथेच राहिलं. आज गॅसला हात लावला आणि नेमकी सून दारात उभी राहिली, तर दिवाळीचीही वाट बघावी लागणार नाही. तिने बोट काढून घेतलं.

दीडला सगळे बसले. पाटावर सात सुपाऱ्या, सात पानं, वरीचा भात आणि भाजी. हात जोडून झाले. अंबिकाचाही हाच उपास होता, म्हणून तीही जेवायलाच होती. भाजीचा रंग बरा होता. वर खोबरं पेरल्यावर तर देखणी दिसत होती.

पहिली श्रेया खोकली. "आजी, घशात काहीतरी टोचतंय."

मग विनीतने मानेला हात लावला, मग गळ्याला, मग खुर्चीवरून उठून बेसिनशी गेला. अंबिका म्हणाली, "माका जरा कोकम दी गो." सुचित्राने दुसरा घास घेतला होता, तिचे डोळे भरून आले, पण तिने घास गिळला, पाणी प्यायली, आणि चमचा ताटाच्या कडेला नीट ठेवून विचारलं,

"आई, आंबाडे घातले होते ना?"

"घातले."

"नक्की?"

"सकाळी आई एकटीच बोलत होती," बेसिनपासून विनीत म्हणाला. त्याने हे तोंड धुता धुता म्हटलं, म्हणजे कोणाकडे बघावं लागू नये.

सुचित्राचा आवाज अगदी खाली आला. "विसरायला झालं असेल तर सांगा, आई. त्यात काही नाही. की... घालायचेच नव्हते?"

खाली कर्णा लहान मुलांचा हात सोडू नका म्हणत होता. शेवंतीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला आठवत नाही. सात म्हटल्याचं आठवत होतं. तो आवाज कानात होता. पण तो आजचा की गेल्या वर्षीचा, की त्याच्या आधीच्या वर्षीचा? चेचलेला आंबाडा हातातून भांड्यात पडतानाचा क्षण तिने आठवून पाहिला, तर तिला परात दिसली, परातीत आंबाडे दिसले, आणि त्यांच्याकडे बघत बसलेली ती स्वतः दिसली. काल आपण नाही म्हटलं होतं ना? की हो?

तिने भांडं ओढून जवळ घेतलं, बांगड्या वर सारल्या आणि उजवा हात मनगटापर्यंत भाजीत घातला.

"आजी, भाजेल."

"भाजायला तापलंय कुठे," शेवंती म्हणाली, आणि ते बोलताना तिचं तिलाच ते ऐकू आलं.

बोटांना आंबाड्याची पहिली बाठ लागली. केसाळ, कडक. तिने ती ताटाच्या कडेला ठेवली. दुसरी. तिसरी आणि चौथी एकमेकींना चिकटून निघाल्या. पाचवीला वेळ लागला. त्याआधी सुरणाचा एक तुकडा हाती आला, साबणाच्या वडीसारखा टणक, आणि अळूचा देठ, जो तिने दोन बोटांत दाबला तर कच्चकन मोडला. पाचवी तळाशी होती. मग बराच वेळ काही नाही. कोणी जेवत नव्हतं, कोणी खाजवतही नव्हतं.

"एक माझ्या पानात हा," अंबिका म्हणाली.

"मला पण आलीय," श्रेयाने भाताखालून बाठ काढून दाखवली.

सात. शेवंतीने हात बाहेर काढला. तो कोपरापर्यंत खाजत होता, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिने सुरणाचा तुकडा सुचित्राच्या ताटात ठेवला.

"आंबाडे काय करणार, भाजी कच्ची आहे. आता मला सांगा, झाकण कोणी कोणी उघडलं?"

सगळ्यांना अचानक आपापल्या ताटात बघण्यासारखं बरंच काही सापडलं.

"मी," सुचित्रा म्हणाली. "निघताना. आंबाडे दिसतात का बघायला."

"दिसले?"

"नाही, वर नुसता पाला होता. आणि बटण मोठ्यावर होतं, म्हटलं उतू जाईल, तुम्हाला कळणार नाही... मी बारीक केलं."

"विनीत?"

"दोनदा. म्हणजे तीनदा. वास येतोय का बघत होतो."

"मी रील केलं," श्रेया म्हणाली. "झाकण काढून ठेवलं होतं. पाच मिनिटं. दहा असतील."

अंबिकाने कोकमाचा पेला खाली ठेवला. "माका सुकी दिसली गो भाजी. मी जरा पाणी घातलंय. थंड."

"किती?"

"तांब्याभर."

"आणि मी," शेवंती म्हणाली, "मोजलं नाही. वीसेक वेळा असेल."

आधी अंबिका हसली, मग श्रेया, मग खोकत खोकत विनीत. सुचित्रा हसता हसता डोळे पुसायला लागली आणि पुसतच राहिली. "सॉरी, आई," ती म्हणाली. "मी उगाच तुमच्यावर... सॉरी."

इथे शेवंतीला थांबता आलं असतं. खरं तर थांबायलाच हवं होतं. सून सगळ्यांसमोर माफी मागत होती, सातही बाठा मोजून झाल्या होत्या, आणि त्या सॉरीच्या जोरावर गॅस पुढची दहा वर्षं हलला नसता. पण आज आपल्याकडून राहिलं नव्हतं हे आता पक्कं कळल्यामुळे असेल, जे राहिलं होतं ते तिला एकदम स्वच्छ दिसलं. इतके दिवस ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

"थांब," ती म्हणाली. "श्रावणातला तो गॅस. तो माझ्याकडूनच राहिला होता."

तिने ताट जरा पुढे सरकवलं.

"चहा उतरवला, तेवढ्यात लवूचा फोन वाजला. बटण मी फिरवलं होतं. पण उलटं फिरवलं. बंदकडे न जाता बारीककडे गेलं. खिडकी उघडी होती, वाऱ्याने विझलं असेल. बटण ढिलं बिलं काही नाही." तिने खाजणाऱ्या हाताची दोन बोटं हवेत फिरवून दाखवली. "बोटांना ठाऊक होतं. मीच कबूल होत नव्हते."

तिने सुनेकडे पाहिलं. तिथे राग असेल, किंवा मला ठाऊकच होतं असा चेहरा असेल, अशी तिची तयारी होती. सुचित्रा नुसती बघत होती. मग तिने टेबलाची कड धरली.

"मला वाटत होतं माझ्याकडून राहिला," ती म्हणाली.

"तुझ्याकडून?"

"त्याच बर्नरवर डब्याची भाजी केली होती ना मी. घाई होती. बंद केला का, ते काही केल्या आठवेना. अजून आठवत नाही. तुम्ही दहाला चहा केलात हे माहीत होतं, पण तुम्ही म्हणालात, बटण ढिलं... मला वाटलं, तुम्ही मला वाचवताय." तिने नाक ओढलं. "दिवसभर ऑफिसात तेच. आज काही राहिलंय का माझ्याकडून. तुम्ही फोन उचललात की कळायचं, सगळं नीट आहे. मला तो गॅसच घरात नको झाला होता."

शेवंतीला तीन आठवड्यांतले ते पन्नास फोन आठवले. काय करताय, आई. त्या प्रश्नाला प्रत्येक वेळी तिने जे कोरडं उत्तर दिलं होतं, बसलेय, तेही आठवलं.

"मग मला विचारायचं नाहीस होय गं?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

"आता दोघी घसा खाजवत भांडा," विनीत म्हणाला. तो पहिल्यांदाच हं सोडून काही कामाचं बोलला होता. "भाजीचं काय करायचं ते आधी बघा. टाकायची का?"

"टाकायची?" शेवंती उठली. "नैवेद्य आहे तो. जाड बुडाचं पातेलं काढ, सुचित्रा."

सुचित्राने पातेलं काढलं. भाजी ओतली गेली. काळं भांडं रिकामं, बिचारं वाटावं असं, ओट्याच्या कोपऱ्यात सरकलं. त्याचा काही दोष नव्हता, आणि मंगळवारचा माठ त्याने कसा शिजवला होता हे शेवंतीला आज ना उद्या सांगावंच लागणार होतं. ते एवढ्यात नको. सुचित्राने खाली वाकून मुख्य खटका उघडला. शेवंतीने फडताळ उघडून लायटर घेतला. मधला बर्नर भप्प करून पेटला.

"इंडक्शन आणायचं असेल तर आण," ती ज्योत बारीक करत म्हणाली. "पण हे काढायचं नाही. सुका बोंबील काय इंडक्शनवर भाजणार?"

"बघू," सुचित्रा म्हणाली.

"बघू नाही. सांग."

"नाही काढत. पण अकराचा फोन मी करणार."

"कर. काय करताय म्हणून विचारू नकोस. गॅस बंद आहे का, असं सरळ विचार. मी उठून बघून सांगीन."

"आणि मी डबा करून निघताना?"

"निघताना मला हाक मार. मी बघीन."

भाजीला उकळी फुटली. आधी चुरचुर, मग बुडबुड, मग तो जड, संथ आवाज, जो शेवंतीला उपाशीपोटीही झोप आणायचा. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीचा हात खाजत होता, दुसरीचा घसा. बाहेरून अंबिकाने, भूक लागलीहा, असं दोनदा सांगितलं. पाऊण तासाने शेवंतीने देठ दाबून पाहिला. तो बोटांत विरघळला. आता चाखायलाही हरकत नव्हती, नैवेद्य दाखवून झाला होता. तिने डावातला घास हातावर घेऊन आधी सुनेला दिला.

"टोचतंय?"

सुचित्राने गिळलं, जरा वेळ थांबली, मान हलवली. "नाही."

शेवंतीने बटण फिरवलं. निळी ज्योत गेली. तिने हात काढला नाही. वाकून बघितलं, मग बाजूला सरकून जागा करून दिली.

"बघ गं, झालाय का बंद."

सुचित्रा वाकली. बघितलं. बोटाने बटण एकदा चाचपलं.

"झालाय," ती म्हणाली.